दारातलं गेट

“दार कशाला मोजतेस?”

स्टुलावर चढलेल्या सूनबाईने तोंडातली पेन्सिल काढली. मोजपट्टीचं एक टोक तिने चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात दाबून धरलं होतं, दुसरं खाली लोंबत होतं.

“सहज, तात्या.”

“सहज कोणी दार मोजत नाही.”

“पडदा लावावा म्हणत होते.”

“हॉलच्या दाराला पडदा? येता-जाता तोंडावर यायचा.”

“बरं, मग नाही लावत,” ती म्हणाली आणि स्टूल उचलून आत गेली.

तात्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला, पण वाचण्यात लक्ष लागेना. ‘मग नाही लावत’ हे उत्तर त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. ज्याला खरंच पडदा लावायचा असतो तो वाद घालतो. सून तर वाद घालण्यात पटाईत. तिने इतक्या पटकन माघार घेतली म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

तात्यांचं हे शास्त्र पुस्तकातलं नव्हतं. पितळी नळ आणि तोट्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी आख्खी नोकरी तपासनीस म्हणून काढली होती. आत जाताना कोणाला अडवायचं नाही आणि बाहेर पडताना कोणाला सोडायचं नाही, एवढंच काम. हात वर, पाय लांब, डबा उघडा. पितळ म्हणजे रोकडा माल, त्यामुळे ते बाहेर नेण्यासाठी माणसं काय काय डोकं लढवत! मोज्यात तोटी, मिटलेल्या छत्रीत तोटी, भाजीच्या तळाशी तोटी. एक पठ्ठ्या तर न मोडलेल्या हाताला प्लॅस्टर घालून आला होता. तात्यांनी प्लॅस्टरवर नुसती टिचकी मारली आणि म्हणाले, “हाड फारच वाजतंय तुझं.” कामगारांनी त्यांचं नाव चाळणी ठेवलं होतं. ते तात्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

नोकरी संपली, पण हात काही स्वस्थ बसले नाहीत. मुलगा ऑफिसातून आला की बोलता बोलता तात्या त्याची बॅग उचलून वजन बघत. शेजारी वाटी मागायला आले, तर ती वाटी परत आली की उलटी करून बघत. बायकोने तर संसाराच्या सुरुवातीलाच बाजारातून आलं की पिशवी आपणहून टेबलावर ओतायची सवय लावून घेतली होती. विचारायच्या आधीच ती सगळं मांडून मोकळी व्हायची. ही तिची नीटनेटकेपणाची आवड आहे, अशी तात्यांची इतकी वर्षं समजूत होती.

तर दार मोजलं गेलं आणि तात्यांनी कान टवकारले. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते घर विकण्याचं. गिऱ्हाईक आलं असेल, मापं मागत असेल. त्यांनी मुलाला आडून आडून विचारून पाहिलं.

“काय रे, हल्ली घरांना काय भाव आला असेल?”

“कोणाला घ्यायचंय?”

“घ्यायचं नाही. विचारतोय.”

मुलाने खांदे उडवले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तात्यांना तेही संशयास्पद वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डुलकी लागल्याचं सोंग करून ते पडले होते, तेव्हा स्वयंपाकघरातून सासू-सुनेचं कुजबुजणं कानावर आलं.

“समुद्र करू या का, आई? सगळीकडे निळे कागद लावायचे. पंख्यापासून चंदेरी मासे सोडायचे. भिंतीला एक मोठं जहाज.”

“नको गं बाई. ह्यांना पाणी बघितलं की गरगरतं.”

“मग जंगल? हिरव्या पट्ट्या, पानं, कोपऱ्यात एक कागदाचा वाघ.”

“वाघ आहेच की घरात. आणखी कशाला?”

दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या.

“बरं, जुना सिनेमा? दारात तिकीट खिडकी, आत काळे-पांढरे फोटो...”

“ह्यांनी आख्खा सिनेमा कधी बघितलाय? मध्येच उठायचे आणि पुढच्या रांगेतला माणूस सारखा खिशात हात का घालतोय ते बघायचे.”

“तुम्हीच सांगा मग. माझ्याकडच्या सगळ्या थीम संपल्या. नुसते फुगे लावले तर लहान मुलाचा वाढदिवस वाटेल. सत्तर वर्षांच्या माणसाला साजेसं काहीतरी पाहिजे ना.”

तात्यांनी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले. येत्या रविवारी त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होत होती. त्यांचा वाढदिवस घरात आजवर कधी साजरा झाला नव्हता, कारण त्या दिवशीही गेट असायचंच, आणि नंतर ती पद्धतच पडली नाही. छातीत काहीतरी उबदार पसरलं, आणि आपल्याला हे आवडतंय असं लक्षात येताच ते दचकले. संध्याकाळी मात्र कोणी न सांगता त्यांनी केस कापून घेतले.

पण आनंद जास्त वेळ टिकवून ठेवायची तात्यांना सवय नव्हती. चांगलीच गोष्ट असेल तर लपवता कशाला? हा प्रश्न रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांना पोखरू लागला.

शुक्रवारी सून भली मोठी पिशवी घेऊन आली.

“काय आहे?”

“सामान,” म्हणून ती सरळ खोलीत गेली.

जो माणूस वस्तूचं नाव न घेता ‘सामान’ म्हणतो, त्याला बाजूला घ्यायचं, हा तात्यांचा गेटवरचा पहिला नियम. सून आंघोळीला गेली आणि तात्या खोलीत शिरले. पिशवीत लाल आणि पांढऱ्या चिकटपट्ट्यांची रिळं होती. एक शिट्टी होती. जाड पुठ्ठा होता, त्यावर सुनेच्या ठसठशीत अक्षरात रंगवलं होतं: ‘थांबा. तपासणी.’ पुठ्ठ्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली त्यांची स्वतःची खाकी टोपी होती, जी कपाटाच्या वरच्या कप्प्यात असायला हवी होती. पलंगामागे पडद्याचा लांब दांडा उभा होता, अर्ध्यापर्यंत लाल-पांढरे पट्टे चढवलेला.

तात्या पलंगाच्या कडेवर बसले. समुद्र गेला, जंगल गेलं, सिनेमा गेला, आणि निवड झाली ती गेटची. हॉलच्या दारात गेट उभं करणार होते. म्हणजे कोणीतरी त्यांची टोपी घालून, शिट्टी फुंकून, त्यांची नक्कल करणार आणि घरभर हशा पिकणार.

तेवढ्यात हॉलमधून बायकोचा आवाज आला. ती फोनवर हळू बोलायचा प्रयत्न करत होती, आणि तो तिला कधीच जमत नसे.

“हो, सगळ्यांना आणा. फाउंड्रीतले, पॅकिंगमधल्या बाई, ते ड्रायव्हर. आणि पॉलिशवाले. त्यांना नक्की आणा बरं का, विसरू नका.”

पॉलिशवाला!

तोट्यांना चकाकी आणणारा हा माणूस म्हणजे तात्यांच्या नोकरीतली एकमेव न सुटलेली गाठ. त्याच्या खात्यातून माल कमी भरायचा. आणि गेटवर आला की तो सांगायच्या आधीच हात वर करायचा. सरळ माणूस सांगितल्याशिवाय हात वर करील कशाला? तात्यांनी त्याला रोज रांगेतून बाजूला काढलं, शेजारच्या खोलीत नेऊन बूट काढायला लावले, मोजे उलटे केले, डब्यात चमचा फिरवला. कधीच काही सापडलं नाही. तो चिडायचाही नाही. तात्यांनी तेही त्याच्या खात्यावर मांडलं, कारण चिडत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. नोकरीच्या शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांनी त्याला तपासलं होतं आणि काहीच न सापडता सोडलं होतं. एकच माणूस सुटला, अशी रुखरुख घेऊन ते घरी आले होते. आता तोच माणूस त्यांच्या घरी येऊन, त्यांच्याच दारात, त्यांच्यावर हसणार होता.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी बायकोला धारेवर धरलं.

“रविवारी काय आहे?”

“रविवार आहे.”

“उगाच शब्दात पकडू नकोस. कोण कोण येणार आहे?”

बायकोने कप खाली ठेवला. “अहो, मला एक सांगा. आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली. तुमच्यापासून लपवलेली माझी एक तरी गोष्ट आहे का?”

“नाही. असती तर सापडली असती.”

“तेच म्हणते मी. एवढी एकच राहू द्या ना. परवापर्यंत.”

असं तिने आजवर कधी काही मागितलं नव्हतं. दुसरा कोणी विरघळला असता. तात्या म्हणाले, “बघू,” आणि शनिवारी दुपारी, सगळे झोपलेत असं समजून, सुनेच्या पिशवीतली आपली खाकी टोपी शर्टाच्या आत खुपसून बाहेर निघाले. टोपीच नसेल तर नक्कल कशी करतील? कोपऱ्यावरच्या चांभाराकडे ती दोन दिवस ठेवायची, असा बेत होता.

दारात सून उभी होती. दोन्ही हातांना डिंक लागलेला, केसांना कागदाचे कपटे चिकटलेले.

“कुठे निघालात, तात्या?”

“पाय मोकळे करायला.”

तिची नजर त्यांच्या पोटावर गेली. तात्यांचं पोट काही चौकोनी नव्हतं.

“शर्टात काय आहे?”

तात्यांनी जन्मभर हा प्रश्न विचारला होता. त्याला उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. कान तापले, आणि तोंडून निघून गेलं, “सामान.”

सुनेने ओठ दाबून धरले, पण हसू आवरलं नाही. ती इतकी हसली की दाराला टेकून खालीच बसली. मग तिला तात्यांचा चेहरा दिसला आणि तिचं हसू विझलं.

“तात्या, अहो, काय झालं?”

“चेष्टा करायचीय ना माझी? करा. पण माझी टोपी घालून नको.”

“चेष्टा?” ती उठून उभी राहिली. “टोपी तुम्हीच घालायची आहे! आता फोडलंच तुम्ही सगळं, तर सांगते. येणारा प्रत्येक जण काहीतरी अंगावर लपवून आणणार आहे. तुम्ही गेटवर झडती घ्यायची. जे सापडेल ती तुमची भेट. इतकी वर्षं लोक लपवून बाहेर न्यायला बघायचे, आता लपवून आत आणतील. मी समुद्र म्हणत होते. गेट आईंचं. त्या म्हणाल्या, ‘ह्यांच्यासारखं गेट कोणी सांभाळलं नाही, आणि त्याबद्दल ह्यांना कोणी कधी शाबास म्हटलं नाही.’”

तात्यांनी टोपी शर्टातून काढून तिच्या हातात दिली. ती घामाने ओली झाली होती.

“आईंना सांगू नका हं तुम्हाला कळलंय ते,” सून म्हणाली.

“नाही सांगत.”

त्या रात्री त्यांना चांगली झोप लागायला हवी होती. पण पॉलिशवाल्याची पाल मनात चुकचुकत राहिली. बाकीचे खेळतील, तो खेळणार नाही. तो सूड घ्यायलाच येणार. असं काहीतरी अशा ठिकाणी लपवून आणील की तात्यांना सापडू नये, आणि मग सगळ्यांसमोर काढून दाखवील. ‘बघा, तुमची चाळणी!’ नोकरीभराची अब्रू एका मिनिटात धुळीला मिळेल. तात्यांनी अंधारात बोटं वळवून, ताणून पाहिली. जडावली होती थोडी. उद्या याला सोडायचं नाही, त्यांनी ठरवलं.

रविवारी संध्याकाळी तात्यांनी दचकल्याचं नाटक असं केलं की बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. गेट खरंच सुरेख झालं होतं. लाल-पांढरा दांडा दोरी ओढली की वर जात होता. चौकटीला राखाडी कागद लावून त्यावर विटा रंगवल्या होत्या. आतल्या भिंतींवर सोनेरी कागदाच्या तोट्या माळेसारख्या सोडल्या होत्या, आणि दिव्याच्या उजेडात त्या पितळेसारख्याच चमकत होत्या. तात्यांनी एक माळ हातात घेऊन बारकाईने पाहिली.

“आटे उलटे काढलेत,” ते म्हणाले.

“आजच्या दिवस चालतील,” सून म्हणाली.

मग माणसं येऊ लागली. बाहेर जिन्यावर रांग लागली आणि तात्या टोपी घालून उभे राहिले. फाउंड्रीवाल्याच्या पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या मफलरमधून पेन निघालं. ड्रायव्हरच्या मोज्यातून चॉकलेट. पॅकिंगमधल्या बाईंची झडती तात्यांच्या बायकोने घेतली, आणि अंबाड्यात खोचलेली साबणाची छोटी वडी अशी काही हुडकून काढली की नवऱ्याने तोंडात बोट घालावं. स्टोअरकीपरने सुपारीची पुडी टोपीच्या अस्तरात शिवून आणली होती. तात्यांनी टोपीवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, “टाका उसवून दे.” टाळ्या पडल्या. हात विसरले नव्हते. तात्यांच्या गालांवर रंग चढला. आपण इतके आवडते होतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

आणि मग दांड्यापाशी पॉलिशवाला येऊन उभा राहिला.

केस पांढरेशुभ्र झाले होते, बाकी तसाच होता. हातात कापडी पिशवी होती. तात्या काही म्हणायच्या आत त्याने पिशवीसकट दोन्ही हात वर केले.

“अजून सांगावं लागत नाही बघा!” फाउंड्रीवाला ओरडला. सगळे हसले.

तात्यांनी पिशवी काढून घेतली आणि आत पाहिलं. लिंबं होती. त्यांनी ती बाजूच्या टेबलावर ठेवून दिली. हा डाव त्यांना पाठ होता. तपासणाऱ्याच्या हातात एक वस्तू द्यायची म्हणजे त्याचा डोळा तिथेच राहतो. त्यांनी कॉलर चाचपली, बाह्या चाचपल्या, कमरेचा पट्टा सैल करून पाहिला. खिशातून रुमाल निघाला, चष्म्याचं घर निघालं. चष्म्याच्या घरात चष्मा होता. घड्याळाच्या पट्ट्याखाली काही नव्हतं.

“बूट,” तात्या म्हणाले.

पॉलिशवाल्याने बूट काढले. मोजे काढले. तात्यांनी बूट आपटले, आतला तळ उचकटून पाहिला. आता हसणारे कमी झाले होते. कोणीतरी म्हणालं, “हरलात, तात्या!” पण आवाजात मजा नव्हती.

“अहो, पुरे आता,” बायको हळूच म्हणाली.

“थांब तू.” तात्यांनी पुन्हा कॉलरपासून सुरुवात केली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दुसऱ्यांदाही काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी विचारलं, “कुठे आहे?”

“काय, साहेब?”

“लपवलेलं.”

पॉलिशवाला ओशाळला. “वहिनींनी सांगितलं होतं लपवून आणा म्हणून. घरी करून बघितलं मी. खिशात लिंबं घातली तर खिसा फुगायचा. बाहीत घातली तर खाली पडायची. बायको हसायला लागली. म्हणाली, तुम्हाला नाही यायचं हे, कधी केलंय का? मग तशीच आणली पिशवीतून. घरच्या झाडाची आहेत.”

त्याचे हात अजून वरच होते.

तात्या त्या हातांकडे बघत राहिले. पॉलिशचं काळं अजून नखांच्या कडेला होतं. रोज संध्याकाळी शेजारच्या खोलीत हा माणूस असाच अनवाणी उभा राहायचा आणि बाकीचे घरी जायचे. त्याने फार हुशारीने काही लपवलेलं नव्हतं. लपवलेलं काही नव्हतंच. तात्यांना आपल्या हातांची लाज वाटली. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

“तेव्हाही...” ते पुटपुटले.

“नव्हतं, साहेब,” पॉलिशवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठे धार नव्हती. “तुम्ही रोज बघतच होतात की.”

बायकोने पदर तोंडाशी धरला होता.

“हात खाली घ्या,” तात्या म्हणाले. त्याला ‘घ्या’ असं ते पहिल्यांदाच म्हणत होते.

मग ते दांड्याखालून वाकून बाहेर गेले आणि गुडघे कुरकुरत असताना जिन्याच्या फरशीवर बसले. एक मोजा उचलून त्यांनी सरळ केला, झटकला.

“अहो साहेब, मी घालतो ना.”

“पाय पुढे करा.”

पॉलिशवाल्याने पाय पुढे केला. एका पायावर तोल जाऊ लागला तसा त्याने तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मोजा चढला, बूट चढला. नाडीची गाठ मात्र तात्यांना बसेना. ती दोनदा सुटली, तिसऱ्यांदा तात्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खाली जिन्यावर आणखी काही माणसं रांगेत उभी होती, मोज्यांत आणि मफलरांत काही ना काही लपवलेली. वर काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. आटपा म्हणून कोणी म्हणालं नाही.